रिकामा मुखवटा

माणसाची ओळख चेहऱ्यावरून पटते, हें आपण इतकें गृहीत धरून चालतों कीं, चेहरा म्हणजेच माणूस अशी आपली समजूत होऊन बसलेली असते. आपल्याकडे भाद्रपदांत गौरी येतात. वर्षभर माळ्यावरच्या डब्यांत मऊ फडक्यांत गुंडाळून ठेवलेले पितळी मुखवटे एक दिवस खालीं येतात, कोठीवर बसतात, त्यांना साडी नेसविली जाते, आणि घरांतल्या मोठ्या माणसांचा आवाज आपोआप हलका होतो. साडीच्या आंत काय आहे, हें ज्या मुलानें आदल्या रात्रीं मांडणी करतांना पाहिलेलें असतें, तोहि दुसऱ्या दिवशीं हात जोडून उभा राहतो. मुखवटा पुरेसा होतो. मी इंग्रजी वाङ्मय शिकविणारा मनुष्य. शास्त्रीय विषयांत माझी गति बेताचीच. पण विषाणूंच्या पृष्ठभागावर जीं प्रथिनें असतात त्यांच्याविषयीं जें थोडेंफार वाचलें व विचारून घेतलें, त्या वेळीं मला या गौरींची वारंवार आठवण झाली. कारण आजच्या प्रयोगशाळांतून जो एक मोठा उद्योग चालला आहे, तो विषाणूला दूर ठेवून त्याचा नुसता मुखवटा घडविण्याचा आहे.

विषाणू म्हणजे थोडक्यांत सांगावयाचें तर एक चिठ्ठी आणि तिच्याभोंवतालचें पांघरूण. चिठ्ठींत स्वतःच्या प्रती काढण्याचा हुकूम लिहिलेला असतो. पांघरुणाच्या बाहेरच्या अंगास कांहीं प्रथिनें वर आलेलीं असतात. पेशींत शिरतांना विषाणू याच प्रथिनांनीं दार चाचपतो, आणि आपलें शरीरहि त्याला ओळखतें तें बहुतांशीं यांच्यावरूनच. रक्तांत जीं प्रतिपिंडें तयार होतात, तीं या चेहऱ्याला जाऊन घट्ट धरतात. मग युक्ति अशी कीं, त्या चिठ्ठींतला मुखवट्यापुरता मजकूर तेवढा कापून घ्यावयाचा, तो दुसऱ्याच एखाद्या निरुपद्रवी पेशीच्या चिठ्ठींत चिकटवावयाचा, आणि त्या पेशीकडून तें प्रथिन हवें तितकें करून घ्यावयाचें. रोग नाहीं, वाढ नाहीं, संसर्ग नाहीं. चेहरा मात्र हुबेहूब. अशा प्रथिनाला पुनर्संयोजित असें जडशीळ नांव आहे.

हे कारागीर मोठे मजेदार आहेत. एक आहे पाव फुगविणारें साधें यीस्ट. दुसरा म्हणजे चिनी हॅम्स्टर नांवाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या अंडाशयांतील पेशी. १९५७ सालीं अमेरिकेंत थिओडोर पक यांनीं एका मादीपासून त्या मिळविल्या. ती मादी केव्हांच मेली, पण तिच्या पेशींचा वंश आज जगभरच्या कारखान्यांतून चालूच आहे. तिसरा कारागीर मात्र आपल्या शेतकऱ्याच्या चांगला परिचयाचा आहे. अमेरिका खंडांतली लष्करी अळी २०१८ सालीं प्रथमच भारतांत दिसली आणि पाहतां पाहतां महाराष्ट्रांतला मका तिनें पोंग्यापासून कुरतडून टाकला. याच किड्याच्या अंडाशयांतून अनेक वर्षांपूर्वीं काढून वाढविलेल्या पेशींत कोविडच्या विषाणूचें काटेरी प्रथिन तयार करतात. त्यापासून केलेली लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनें कोव्होव्हॅक्स या नांवानें काढली आणि २०२१ च्या डिसेंबरांत तिला आपल्याकडे परवानगी मिळाली. सोलापूरकडच्या माझ्या एका शेतकरी मित्राला मीं हें मोठ्या उत्साहानें सांगितलें. तो शांतपणें म्हणाला, "मग मक्याची भरपाई कुणाकडं मागायची?"

तयार झालेलें प्रथिन पेशींच्या राड्यांतून वेगळें कसें काढतात, तेंहि ऐकण्यासारखें आहे. माझी पुतणी पुण्यांतील एका प्रयोगशाळेंत काम करते. तिनें सांगितलें कीं, प्रथिनाच्या एका टोंकाला हिस्टिडिन नांवाच्या अमिनो आम्लाचे सहा मणी मुद्दाम जोडून ठेवतात. हिस्टिडिनाला निकेल धातूची ओढ असते. निकेल धरून ठेवणाऱ्या नळींतून तो सगळा राडा सोडला कीं, बाकी सारें वाहून जातें आणि शेपटीवालें प्रथिन तेवढें अडकून राहतें. "म्हणजे शेपूट धरून बाहेर ओढतां!" मी म्हणालों. "काका, तुमच्या भाषेंत सांगायचं तर तसंच," ती म्हणाली. असें शुद्ध केलेलें प्रथिन मग चिमुकल्या कुप्यांतून विकलें जातें: एका कुपींत शंभर मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दहा हजारावा भाग. कुपीवर स्पष्ट छापलेलें असतें कीं, हें केवळ संशोधनासाठीं आहे, मनुष्याला देण्यासाठीं नव्हे. कुपीच्या तळाशीं दिसेल न दिसेल असा पांढरा थर मीं पाहिला. तेवढ्यांत अब्जावधि मुखवटे होते.

या सगळ्या मुखवट्यांत पहिला मान ज्याचा, त्याचा आमच्या घराशीं फार जुना संबंध आहे. तो म्हणजे 'ब' प्रकारच्या काविळीच्या विषाणूचा.

१९६० च्या सुमारास बॅरुक ब्लुंबर्ग हे अमेरिकन वैद्य निरनिराळ्या मानवसमूहांच्या रक्तांत आनुवंशिक फरक कोणते आढळतात, याचा शोध घेत होते. काविळीशीं त्यांना कांहीं कर्तव्य नव्हतें. ज्यांना आयुष्यांत अनेकदां दुसऱ्याचें रक्त घ्यावें लागलें आहे, अशा रोग्यांच्या शरीरांत परक्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडें असणार, म्हणून त्यांच्या रक्तद्रवाचा ते गळ म्हणून उपयोग करीत. १९६३ सालीं ते व हार्वे ऑल्टर काम करीत असतां, न्यूयॉर्कच्या एका हिमोफिलियाच्या रोग्याचा रक्तद्रव आणि ऑस्ट्रेलियांतील एका आदिवासी माणसाचा रक्तद्रव आगरच्या थरांत समोरासमोर आले आणि मधोमध एक पांढरी रेघ उमटली. ती वस्तु काय आहे, हें कोणालाच ठाऊक नव्हतें. म्हणून तिला नुसतें 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन' हें नांव मिळालें. पुढें १९६७ सालीं त्यांच्याच प्रयोगशाळेंतील बार्बरा वर्नर आजारी पडल्या. त्यांनीं स्वतःचें रक्त तपासून पाहिलें, तेव्हां तीच रेघ फिकट अशी उमटली, आणि त्यांना कावीळ झाली. अशा पुराव्यांची सांखळी जुळत जाऊन ही वस्तु काविळीच्या विषाणूचा पृष्ठभाग आहे, हें ठरलें. ब्लुंबर्ग यांना १९७६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

यांतली एक गोष्ट मला अजूनहि नवल वाटायला लावते. या विषाणूची लागण झालेल्या माणसाच्या रक्तांत खरे विषाणू असतात त्यांच्या हजारों पटींनीं अधिक नुसतीं रिकामीं पांघरुणें तरंगत असतात. बावीस नॅनोमीटर व्यासाचे हे कण. आंत चिठ्ठी नाहीं, कांहीं नाहीं. एखाद्या नाटकमंडळीनें दहा नटांसाठीं दहा हजार मुखवटे वाटेंत उधळीत जावें, तसा हा प्रकार. शरीराच्या पहारेकऱ्यांना नादीं लावून खऱ्याला निसटून जाऊं द्यावें, असा त्यांत विषाणूचा डाव असावा, असें म्हणतात. मुखवट्याची कल्पना शास्त्रज्ञांना पुढें सुचली. विषाणू ती आधींपासूनच वापरीत होता.

१९८९ सालीं माझ्या मामांनीं वाईच्या एका शिबिरांत रक्तदान केलें. मामा माध्यमिक शाळेंत गणित शिकवीत. वय एकेचाळीस, प्रकृति ठणठणीत, रोज पहाटे घाटावर फिरावयाला जाण्याचा नेम. पंधरा दिवसांनीं त्यांना एक कार्ड आलें. त्यावर इंग्रजींत तीन शब्द होते: ऑस्ट्रेलिया अँटिजेन पॉझिटिव्ह. आजीनें तें वाचावयास सांगितलें आणि विचारलें, "ऑस्ट्रेलियाला कोण गेलं होतं आपल्यातलं?" आमच्या घरांतून त्या काळीं पुण्यापलीकडे फारसें कोणी गेलें नव्हतें. हंसावें कीं काय करावें, हें कोणाला कळेना. ज्या डॉक्टरांकडे मामा गेले त्यांनीं कार्ड उलटसुलट करून पाहिलें आणि, "काळजी घ्या," एवढेंच सांगितलें. कशाची, तें सांगितलें नाहीं.

काळजी मग घरानें व गांवानें आपापल्या समजुतीप्रमाणें घेतली. आजीनें त्यांचें ताट, वाटी, भांडें वेगळें केलें. त्यांच्या कपाच्या कानाला तिनें लाल दोरा बांधला, म्हणजे चुकून अदलाबदल होऊं नये. शाळेच्या शिक्षकखोलींतहि कोणी न बोलतां त्यांचा पेला बाजूला गेला. हा विषाणू रक्तावाटे, सुईवाटे, स्त्रीपुरुषसंबंधांतून आणि बाळंतपणांत आईकडून मुलाकडे जातो; जेवणाच्या ताटांतून किंवा चहाच्या कपांतून जात नाहीं. हें त्या वेळींहि पुस्तकांत छापलेलें होतें. पण तें पुस्तक वाईच्या त्या शिक्षकखोलींत पोंचलेलें नव्हतें. मामा कांहीं बोलले नाहींत. सुटींत मी त्यांच्याकडे गेलों कीं ते दोरा बांधलेल्या कपांतूनच चहा पीत, आणि त्यानंतर स्वतः तो विसळून खुंटीवर टांगीत. मी त्या वेळीं कॉलेजांत होतों. त्यांनीं मला एकच काम सांगितलें: पुण्याच्या एखाद्या वैद्यकीय वाचनालयांत जाऊन या ऑस्ट्रेलियाबद्दल जें मिळेल तें उतरवून आण.

मीं आणलेल्या त्या वहींतून त्यांना दोन गोष्टी समजल्या. पहिली अशी कीं, प्रौढ माणसाला ही लागण झाली तर बहुतेकांच्या शरीरांतून ती आपोआप निघून जाते. शंभरांतल्या पांचांच्याहि अंगीं ती मुरत नाहीं. उलट नवजात अर्भकाला झाली, तर शंभरांपैकीं सुमारें नव्वदांच्या अंगीं ती जन्मभर राहते. म्हणजे ज्याच्या अंगीं ती कायमची राहिली आहे त्याला ती बहुधा पाळण्यांतच झालेली असते, आणि पुष्कळदां आईकडूनच. मामांनीं ती ओळ दोनदां वाचली आणि वही मिटली. आजीचें रक्त कोणीहि तपासलें नाहीं. तपासावें असें मामांनीं कधीं सुचविलेंहि नाहीं. आजी पुढें पुष्कळ वर्षें जगली आणि शेवटपर्यंत लाल दोरा जुना झाला कीं नवा बांधीत राहिली.

दुसरी गोष्ट लशीची. पहिली लस अमेरिकेंत मॉरिस हिलमन यांनीं १९८१ सालीं आणली, ती खुद्द रोगवाहकांच्या रक्तापासून. रक्तांतले ते रिकामे मुखवटे वेचून, पेप्सिन, युरिया व फॉर्मल्डिहाइड यांच्या तीन अग्निदिव्यांतून काढून ती तयार होई. लस चांगली होती. पण त्याच सुमारास एड्सचा रोग उघडकीस आला, आणि परक्याच्या रक्तापासून केलेली वस्तु आपल्या दंडांत टोंचून घ्यावयास लोक कचरूं लागले. त्या तीन दिव्यांतून कोणताहि विषाणू जिवंत सुटत नाहीं, हें सिद्ध झालें तरी भीति ती भीतिच. मग हा मुखवटा रक्ताशिवाय घडवितां येईल काय, हा प्रश्न निकडीचा झाला. आधीं जिवाणूंकडून तो करवून पाहिला, जमेना. १९८२ सालीं पाब्लो व्हॅलेन्झुएला, विल्यम रटर, बेंजामिन हॉल प्रभृतींनीं यीस्टकडून तो करवून घेतला, आणि आश्चर्य असें कीं, यीस्टमधून निघालेलीं प्रथिनें आपण होऊन बावीस नॅनोमीटरच्या कणांत गोळा झालीं, जशीं तीं रोग्याच्या रक्तांत असतात तशींच. त्यापासून केलेली लस १९८६ सालीं अमेरिकेंत मंजूर झाली. अशा रीतीनें घडविलेली मनुष्यासाठींची ती पहिलीच लस.

मामींचें व दोन्ही मुलींचें रक्त तपासलें. सुदैवानें तिघीहि कोऱ्या निघाल्या. मग लस टोंचावयाचें ठरलें. लस परदेशांतून येई व तिची किंमत मास्तराच्या पगाराला झेपणारी नव्हती. तिघींचे प्रत्येकीं तीन डोस. मामांनीं शिक्षकांच्या पतपेढींतून कर्ज काढलें आणि तें दोन वर्षें फेडलें. त्या वेळचें त्यांचें एक वाक्य माझ्या कायमचें लक्षांत राहिलें आहे. ते म्हणाले, "गंमत बघ. जी वस्तू माझ्या रक्तात सापडली म्हणून माझा कप वेगळा झाला, तीच वस्तू मी कर्ज काढून विकत आणली आणि पोरींच्या दंडात भरली." गणिताच्या शिक्षकाला दोन्ही बाजूंस एकच पद आलेलें बरोबर दिसलें होतें.

पण समीकरणाचा घोळ तेथें संपला नाहीं. थोरली मुलगी परिचारिकेच्या अभ्यासक्रमाला गेली. तेथें लशीचा उपयोग झाला आहे कीं नाहीं, हें पाहण्यासाठीं तिचें रक्त तपासलें. ही तपासणी कशी करतात, तें सांगितलें पाहिजे. आपल्या आप्पेपात्रासारखी, पण शहाण्णव खळग्यांची एक प्लॅस्टिकची थाळी असते. प्रत्येक खळग्याच्या तळाला मुखवट्याचें प्रथिन चिकटवून ठेवलेलें असतें. त्यांत माणसाच्या रक्तद्रवाचा थेंब टाकावयाचा. त्यांत त्या चेहऱ्याला ओळखणारीं प्रतिपिंडें असलीं तर तीं तेथें धरून बसतात, बाकीचें धुवून जातें, आणि पुढें घातलेल्या रसायनानें तो खळगा पिवळा होतो. तिचा खळगा चांगला पिवळाधमक झाला. अहवालांत लिहिलें: पॉझिटिव्ह. २००३ सालीं तिचें एका ठिकाणीं जवळजवळ जमलें असतां तो कागद पाहुण्यांच्या दृष्टीस पडला, आणि स्थळ मोडलें. बापाचा इतिहास त्यांना कोणीतरी सांगितलेलाच होता. आतां मुलीच्या नांवापुढेंहि तोच शब्द!

मामा मग हातांत कागद घेऊन त्या लोकांच्या घरीं गेले. त्यांनीं जें तेथें सांगितलें, तें शास्त्रज्ञांनींहि मान्य करावें असें होतें. विषाणूला चेहरा आहे, तसाच आंतला गाभाहि आहे. ज्याला खरा विषाणू भेटला, त्याच्या रक्तांत चेहऱ्याविरुद्ध नसलीं तरी गाभ्याविरुद्ध प्रतिपिंडें सांपडतातच. ज्याला फक्त लस मिळाली, त्यानें गाभा कधीं पाहिलेलाच नाहीं. कारण लशींत गाभा नसतो. म्हणून मुलीच्या रक्तांत चेहऱ्याचीं प्रतिपिंडें आहेत आणि गाभ्याचीं नाहींत, याचा अर्थ एकच: तिनें चोर पाहिलेला नाहीं, चोराची तसबीर पाहिली आहे. मामांनीं दुसऱ्या तपासणीचा कागदहि पुढें ठेवला. आणि शेवटीं म्हणाले, "माझ्या कागदावरचा पॉझिटिव्ह म्हणजे मुखवटा घरात आहे. हिच्या कागदावरचा पॉझिटिव्ह म्हणजे मुखवट्याला ओळखणारा पहारेकरी घरात आहे. शब्द एक, अर्थ उलटे." पाहुण्यांना तें पटलें असावें, कारण आठवड्यानें निरोप आला कीं, आमची हरकत नाहीं. या वेळीं मुलीनेंच नकार दिला. मामांनीं तिला कारण विचारलें नाहीं. पुढें तिचें लग्न तिच्याबरोबर रुग्णालयांत काम करणाऱ्या एका मुलाशीं झालें. त्याला हा कागद समजावून सांगावा लागला नाहीं.

दरम्यान १९९७ सालीं हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सनें हाच मुखवटा आपल्याच देशांत, दुसऱ्या एका जातीच्या यीस्टकडून घडवून शानव्हॅक या नांवानें बाजारांत आणला, आणि लशीची किंमत सामान्य माणसाच्या आवांक्यांत आली. तैवानांत नवजात मुलांना लस देण्याचा आरंभ १९८४ सालींच झाला होता, प्रथम रक्तापासूनच्या लशीनें. तेथील सहा ते चौदा वर्षांच्या मुलांत यकृताच्या कर्करोगाचें प्रमाण दर लाखांत ०.७० होतें तें ०.३६ वर आलें, हें १९९७ सालीं प्रसिद्ध झालें. कर्करोगाला लस टोंचून अडवितां येतें, याचा पुरावा तोंवर जगापुढें नव्हता.

मी मघांपासून चेहरा, चेहरा म्हणत आहें. पण चेहरा कशानें होतो, हें मला पुतणीनेंच शिकविलें. काविळीचा मुखवटा म्हणजे दोनशें सव्वीस अमिनो आम्लांचे मणी ओवलेली एक माळ. मणी तेच, क्रमहि तोच, पण माळेची घडी मोडली, तिला जागोजागीं बांधून ठेवणारे गंधकाचे टांके उसवले, तर प्रतिपिंडें तिला ओळखीतनाशीं होतात. हें ऐकून मला आमच्या वर्गांतली एक गोष्ट आठवली. विद्यार्थ्यांना मी कधीं कधीं एखाद्या कवितेचे सगळे शब्द अकारविल्हें फळ्यावर लिहून देतों आणि ही कोणती कविता म्हणून विचारतों. शब्द एकहि गळलेला नसतो, कविता मात्र गेलेली असते. प्रयोगशाळेंतली निम्मी मेहनत म्हणजे ही घडी संभाळण्याची मेहनत. ऊन नको, फार हलविणें नको, गोठवणें आणि वितळविणें पुन्हा पुन्हा नको. कोविडच्या काटेरी प्रथिनाची तर फारच कटकट होती. तें बाराशें त्र्याहत्तर मण्यांचें प्रथिन पेशीला चिकटण्यापूर्वीं एका रूपांत असतें आणि चिकटल्यावर छत्री उलटी व्हावी तसें दुसऱ्याच रूपांत जातें. एकटें ठेवलें तर तें आपण होऊनहि उलटतें. आणि उलटलेल्या रूपाची ओळख शरीराला करून देऊन फारसा उपयोग नाहीं, कारण तोंवर चोर घरांत शिरलेला असतो. बार्नी ग्रॅहम, जेसन मॅक्लेलन आणि त्यांचे सहकारी यांनीं अशाच दुसऱ्या एका विषाणूवर काम करतांना युक्ति काढली होती: वळणाच्या जागीं प्रोलिन नांवाचे दोन ताठर मणी घालावयाचे, म्हणजे माळ वळतच नाहीं. कोविडच्या प्रथिनांत ९८६ व ९८७ या क्रमांकांच्या जागीं ते दोन मणी घातले गेले. कोव्होव्हॅक्समधलें प्रथिन याच बेतावर घडविलेलें आहे.

त्या प्रथिनाच्या एका तुकड्यानें २०२० सालीं पुण्यालाच साक्षीला बोलाविलें. मार्चपासून आमच्या सोसायटीच्या फाटकावर सूचना लागली होती कीं, घरकामाच्या बायकांना प्रवेश नाहीं. आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या बाई चाळींत राहतात. त्या फाटकाबाहेर उभ्या राहून पगार घेऊन जात, आणि वॉचमन त्यांच्याकडे जणुं काय त्याच रोग घेऊन आल्या आहेत अशा नजरेनें पाही. जुलै-ऑगस्टांत आयसर, पुणें विद्यापीठ, फरीदाबादची एक शासकीय विज्ञानसंस्था व इतर संस्था यांनीं मिळून शहराच्या पांच प्रभागांत १,६६४ लोकांचें रक्त तपासलें. थाळीच्या खळग्यांत विषाणू नव्हता. त्याच्या काट्याचा पेशीला पकडणारा तुकडा तेवढा होता. साडेएक्कावन टक्के लोकांच्या रक्तानें त्याला ओळखलें. त्यांतल्या पुष्कळांना आपल्याला कांहीं झालें होतें, हें ठाऊकहि नव्हतें. झोंपड्या व चाळी यांत हें प्रमाण छपन्न ते बासष्ट टक्के, सदनिकांत तेहतीस, आणि बंगल्यांत चव्वेचाळीसच्या जवळपास. ज्यांचा संडास सामायिक त्यांत जास्त, स्वतंत्र त्यांत कमी. बातमी वाचून बाईंनीं फोनवर मला विचारलें, "म्हणजे सर, आमाला होऊन गेला, न् तुमाला व्हायचाय. मग भ्यायचं कुनी?" सोसायटीच्या सेक्रेटरींना मीं तो प्रश्न जसाच्या तसा कळविला. त्यांचें उत्तर यावयाचें आहे.

तीच बातमी वाचून वाईहून मामांचाहि फोन आला होता. त्या वेळीं त्यांचें वय बहात्तर. रक्तांत मुखवटा अद्याप आहेच, पण दर वर्षाच्या तपासणींत यकृत निर्दोष निघतें. "ही तर आपलीच जुनी थाळी," ते म्हणाले. "मुखवटा दाखवायचा आणि रक्ताची साक्ष काढायची." टाळेबंदी उठल्यावर मी त्यांच्याकडे गेलों, तेव्हां त्यांनीं ती बातमी कापून एका फायलींत लावलेली दाखविली. फायलींत पहिला कागद १९८९ चें कार्ड. त्यामागें पतपेढीच्या हप्त्यांच्या पावत्या, तारखेवारीनें. मग थोरलीचे ते दोन अहवाल. शेवटीं थोरलीच्या मुलीच्या लसीकरणाच्या कार्डाची प्रत. ती नात २०१३ सालीं सरकारी रुग्णालयांत जन्मली. काविळीची लस तोंवर देशभरच्या सरकारी कार्यक्रमांत आलेली होती, आणि जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आंत पहिला डोस मोफत टोंचावयाचा असा नियम होता. मामांनीं त्या कार्डावर बोट ठेवलें.

"तारीख घातलीय, वेळ घातलेली नाही," ते म्हणाले. "नुसत्या तारखेवरून चोवीस तासांच्या आत टोचली हे सिद्ध होत नाही."

कार्डाच्या समासांत त्यांच्या बारीक, उभट अक्षरांत पेन्सिलीनें लिहिलेलें होतें: जन्म सकाळीं ६ वाजून २० मिनिटें, लस ११ वाजतां, मी स्वतः हजर होतों.